आमच्या मुलीला सगळं येतं

निलंग्यात मला सोयरीकवाले अप्पा म्हणतात. खरं नाव सिद्धेश्वर, पण ते आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. समाजातल्या मुलामुलींची लग्नं जमवणं हा माझा धंदा. धंदा म्हणायची आमच्यात पद्धत नाही, सेवा म्हणतात, आणि सेवेबद्दल जे पाकीट मिळतं त्याला आहेर म्हणतात. इकडे औसा, उदगीर आणि तिकडे भालकी, बसवकल्याणपर्यंत माझी सेवा पसरलेली होती. आता पोरं मोबाइलवर फोटो बघून आपापलं जमवतात आणि मला अक्षता टाकायला बोलावतात. अक्षता टाकणाऱ्याला पाकीट कुणी देत नाही.

या धंद्यात भांडवल म्हणजे जीभ, आणि ती मला देवाने सढळ हाताने दिली. मुलगी भांडखोर असली की मी तिला स्पष्टवक्ती म्हणायचो. बारावीला गटांगळ्या खाल्लेली असली की घरकामाची आवड असलेली. मुलगा काहीच करत नसला तर घरची शेती बघतो, आणि शेतीही नसली तर समाजकार्यात असतो. ऐकणाऱ्यालाही हे सगळं माहीत असतं, त्यामुळे याला खोटं म्हणता येत नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.

बैठकीचे माझे दोन नियम होते. पहिला, मुलीच्या आईने तोंड उघडायचं नाही, कारण आया खरं बोलून जातात. दुसरा, 'शिकायलीय' हा शब्द कुणी काढायचा नाही. पाहुण्यांनी विचारलं, पुरणपोळी येते का, तर 'येते' म्हणून मोकळं व्हायचं. एका बापाने 'शिकायलीय' म्हटलं आणि पाहुणे पोहे अर्धे ठेवून उठले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'शिकायलीय' म्हणजे येत नाही, हे पाहुण्यांना बरोबर कळतं.

अशा माणसाच्या पोटी मंजू आली. मंजुश्री, माझी धाकटी. जन्मली तेव्हा लवकर रडलीच नाही, आणि तिथून पुढे प्रत्येक गोष्टीत तिला उशीरच झाला. चालायला उशीर, बोलायला उशीर. आता एकोणिसावं चालू आहे, पण आई तिला घास भरवते, वेणी घालते, न्हाणीत सोबत जाते. बोलते थोडंच. मधूनमधून झटके येतात. लोकांसाठी मी तिच्यापुरता एक शब्द शोधून ठेवला होता: अबोल. कुणी विचारलं की म्हणायचो, थोरली बोलकी, धाकटी जरा अबोल.

दिव्यांगाचा दाखला काढा, असं डॉक्टर तिच्या लहानपणापासून सांगत होते. मी काढला नाही. तसला कागद घरात आला की थोरलीच्या स्थळांना वास लागणार, हे मला बाहेरच्या कुणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्यांच्या घरातले असले वास पाहुण्यांपर्यंत जाऊ नयेत म्हणून मी स्वतः आहेर घेतलेला होता. थोरलीचं बिदरला जमलं, तिला दोन पोरं झाली, तरी कागद राहिला तो राहिलाच.

मग गेल्या वर्षी लातूरच्या डॉक्टरांनी झटक्याची औषधं बदलली. नवी औषधं चांगली होती, हे त्यांच्या किमतीवरूनच कळत होतं. माझी पाकिटं आटलेली. दानम्मा, म्हणजे मंजूची आई, गोळ्या निम्म्या तोडून द्यायला लागली आणि मला बोलली नाही. मला कळलं ते मंजू अंगणात हौदाच्या काठावर आपटली तेव्हा. हनुवटीला टाके पडले. डॉक्टर आम्हा दोघांवर असे चिडले की मला थोरलीच्या सासऱ्याची आठवण झाली.

"गोळी तोडायची नाही," ते म्हणाले. "दाखला काढा. महिन्याला निराधारचं अनुदान सुरू होईल. अशा मुलांसाठी सरकारी आरोग्य विमा आहे, त्यात औषधाचा खर्च निघतो. पण टक्केवारी चाळीसच्या वर पाहिजे. तिची येईल, त्यात काही शंका नाही."

शंका नव्हतीच. डॉक्टरांनी मला हिशेबात धरलं नव्हतं, एवढंच.

तपासणीच्या दिवशी सकाळीच मी दानम्माला म्हटलं, "थोरलीचा तो जांभळा ड्रेस घाल तिला. गजरा घाल. चार मोठी माणसं बघणार हैत."

"दवाखान्यात चाललाव का पोरगी दाखवायला?" दानम्मा म्हणाली.

"नीटनेटकं असलेलं कधी वाया जात न्हाई," मी म्हणालो.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला एका खोलीत पाठवलं. टेबलाच्या पलीकडे तपासणाऱ्या मॅडम, समोर कागद आणि पेन. अलीकडे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत मुलगी, मान खाली. एका बाजूला पदर सावरून आई, दुसऱ्या बाजूला बाप. ही मांडणी मी हजार वेळा पाहिलेली आहे. माझी पाठ आपोआप ताठ झाली आणि चेहऱ्यावर हसू आलं. मॅडमच्या पाटीवर राजकन्या असं नाव होतं. वय अठ्ठावीस-एकोणतीस, गळ्यात काही नाही, नोकरी पक्की. आमच्या समाजातली असती तर माझ्या यादीतल्या औशाच्या इंजिनिअरला अगदी बरोबर होती. मी इंजिनिअरची उंची आठवत होतो तोवर मॅडमनी मंजूला लाकडी ठोकळे जुळवायला दिले. मंजूने एक ठोकळा उचलला, बघितला, आणि तो मला दिला.

"राहू दे," मॅडम तिला प्रेमाने म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आता काका, रोजच्या जगण्यातलं विचारते. हाताने जेवते का?"

आणि माझी जीभ सुटली.

"जेवती की. स्वतः जेवून दुसऱ्याला वाढती."

"अंघोळ?"

"रोज. पहाटे."

"कपडे स्वतः घालते? बटणं लावते?"

"बटण तुटलं तर शिवून लावती."

दानम्माने माझ्याकडे मान वळवली. मी टेबलाखालून तिचा हात दाबला. बैठकीत हा माझा ठरलेला इशारा आहे, गप राहा, मी बघतो. एकतीस वर्षांच्या संसारात ती तेवढं शिकलेली होती. गप राहिली.

"स्वयंपाकात काही मदत?"

"भाकरी करती. अशी पातळ, की तिकडून तुमचा चेहरा दिसावा."

मॅडमनी पेन थांबवलं. "काका, तिला ठोकळा मात्र एकही जमला नाही."

इथे एखाद्या शहाण्याला जाग आली असती. मी पुढे सरसावलो. "लाजती हो. परक्या माणसापुढं चांगल्या घरच्या पोरी लाजणारच. घरी येऊन बघा तुम्ही."

तपासणाऱ्या मॅडमला मी घरी यायचं निमंत्रण दिलं. पत्ताही दिला. मॅडमनी परत विचारलं, "नक्की ना? मी तुम्ही सांगाल तेच लिहिणार." मी म्हणालो, "आमच्या मुलीला सगळं येतं."

मंजू या सगळ्या वेळात माझ्याकडे बघत होती. तोंड उघडं, डोळे मोठे. तिच्यासमोर मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींचं कौतुक केलं होतं. पडवीत बसून, फोनवर, बसमध्ये. तिचं कौतुक तिने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बाहेर आलो तेव्हा ती एवढी खुशीत होती की गजरा काढून तिने दारावरच्या शिपायाला दिला.

बसस्टँडवर आलो. निलंग्याची गाडी लागली, आम्ही बसलो, कंडक्टर तिकिटं फाडून गेला. मग दानम्मा हळूच म्हणाली, "अवो, काय बोलून आलाव तुम्ही?"

"काय बोललो?"

"त्या म्याडम पोरगी मागायला आल्या नव्हत्या. आपल्याला आज तिला नापसंत करून घ्यायचं होतं."

खिडकीतून बघत मी घराच्या फाट्यापर्यंत एक शब्द काढला नाही, आणि हा माझ्या आयुष्यातला उच्चांक असावा.

दाखला आला. पंचवीस टक्के. पंचवीस टक्क्यांत अनुदानही नाही आणि विमाही नाही. दोष द्यायला मी आधी सरकार शोधलं, मग मॅडम, मग ठोकळे. शेवटी आरशासमोर भस्म लावताना दोषी सापडला. लग्नं जमवताना एवढी थापेबाजी केली, पण माझ्यावर विश्वास ठेवून कुणी कागदावर सही-शिक्का मारावा, असं कधी झालं नव्हतं. ते नेमकं इथे झालं.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. मंजूनेही माझ्यावर विश्वास ठेवला होता.

तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती चुलीपाशी जाऊन बसली होती. "भाकरी. मला येती. अप्पा म्हणले," असं म्हणून तिने तव्यावर थेट हात ठेवला. बोटं पोळली. मलम आणायला मीच पळालो. त्यानंतर दानम्माने तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही, म्हणून तिने बटणं धरली. रोज सकाळी मी सदरा घातला की ती समोर येऊन उभी राहायची. "बटण. मला येतंय." तिच्या बोटांची आपसात गाठ पडायची नाही. खालचं बटण वरच्या काजात, मधलं कुठेच नाही. पण अर्धा तास लागला तरी ती हटायची नाही, आणि झालं की दोन पावलं मागं सरून मला न्याहाळायची. तसाच सदरा घालून मी घराबाहेर पडायचो, आणि गल्लीच्या वळणावर पिंपळामागे जाऊन सगळी बटणं काढून परत नीट लावायचो. मलप्पाच्या हॉटेलात चार लोक बसलेले असतात. सोयरीकवाल्याचा सदरा वाकडा असून चालत नाही.

इकडे गोळ्या पुन्हा निम्म्या व्हायला लागल्या होत्या. या वेळी दानम्मा माझ्यासमोर तोडायची. मला दाखवून. एका रात्री मंजूला परत झटका आला, आणि तिचं डोकं मांडीवर धरून बसलेली दानम्मा म्हणाली, "फेरतपासणीचा अर्ज करा. आणि या वेळी मी बोलणार. तुम्ही तोंड उघडायचं न्हाई."

अर्ज केला. तारीख मिळाली. मंजूला रोजचाच गाऊन घातला, गजरा नाही. गाडीत दानम्मा मनाशी पाठ करत होती: भरवावं लागतं, न्हाऊ घालावं लागतं, एकटी सोडता येत नाही. मी मुकाट बसलो होतो. सकाळी मंजूने लावलेली बटणं नीट करायला पिंपळामागे जाता आलं नाही, कारण ती हात धरून सोबत होती. सदरा वाकडाच होता.

त्याच मॅडम, तीच खोली. मॅडमनी मला ओळखलं. "काका, भाकरी कशी चाललीय?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. मधल्या खुर्चीत मात्र मान वर होती. मंजू माझ्याकडे वळून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आता अप्पा माझं सांगणार या तयारीत.

"बोला ताई," मॅडम दानम्माला म्हणाल्या. "हाताने जेवते का?"

दानम्माने तोंड उघडलं. मंजूकडे बघितलं. मंजू हसली. दानम्माने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली.

"हिला बाहेर बसवू या का थोडा वेळ?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," मंजू म्हणाली आणि खुर्चीला धरून बसली. "अप्पा. सांग."

पूर्ण पाठ केलेली बाई रडत होती आणि बोलायला बंदी असलेला माणूस मोकळा होता. मी घसा साफ केला.

"भरवावं लागतं," मी म्हणालो.

"अंघोळ?"

"तिची आई घालती."

"बाहेर एकटी जाते?"

"न्हाई. हरवल."

"पैसे ओळखते?"

"न्हाई."

प्रत्येक 'न्हाई'ला मंजूच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं थोडं उतरत होतं. ती रागावली नव्हती. अप्पा चुकतोय आणि कुणीतरी त्याला सांगायला पाहिजे, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. कित्येक मुलींच्या बाबतीत मी नाही ते आहे म्हणून सांगितलं, तेव्हा जीभ कधी अडखळली नाही. स्वतःच्या लेकीच्या बाबतीत खरं सांगताना ती टाळूला चिकटत होती. कुणीतरी माझं तोंड दाबावं असं वाटत होतं.

"कपडे? बटणं लावते?"

"न्हाई," मी म्हणालो.

"येतंय," मंजू म्हणाली.

ती उठली. माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या सदऱ्याचं वरचं, चुकीच्या काजातलं बटण ओढायला लागली. ते सुटलं. मग तिने ते दोन बोटांत धरलं आणि दुसऱ्या हाताने काज शोधायला लागली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि बघायला लागल्या. दानम्मानेही पदर काढला.

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते, पण माझ्या मनात त्या वेळी दुसरं काही नव्हतं. मी देवाचा धावा करत होतो, की तिला बटण लागू देऊ नको. एकदाच. रोज चुकतंच ना तिचं, आजही चुकू दे. महिन्याच्या गोळ्या त्या काजात अडकल्या होत्या. लेकीने हरावं म्हणून हात जोडणारा बाप मी कुठल्या स्थळात पाहिला नव्हता, आणि तो माझ्याच सदऱ्यात बसला होता. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता. जीभ दातांत धरलेली. हनुवटीवर टाक्यांची खूण. बोटं घसरली. परत धरलं. परत घसरली.

मग बटण काजातून बाहेर आलं. बरोबर काजातून.

तिने दोन पावलं मागं सरून मला न्याहाळलं. "आलं," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते मी पुसलंही नाही, कारण हात हलवला तर बटण निघेल असं वाटलं.

"काका," मॅडम पेन उचलून म्हणाल्या, "मग काय लिहू? येतं, की येत नाही?"

दानम्मा माझ्याकडे बघत होती. मंजू माझ्याकडे बघत होती. 'येतं' म्हणालो असतो तर पहिल्यासारखंच झालं असतं. 'येत न्हाई' म्हणायला तोंड होत नव्हतं, ते बटण माझ्या गळ्याखाली होतं. शेवटी आयुष्यभर ज्या शब्दावर मी बंदी घातली तोच तेवढा उरला.

"शिकायलीय," मी म्हणालो. "असं लिहा. शिकायलीय."

मॅडमनी मान हलवली. "त्याला अर्धा गुण असतो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं.

अर्धा गुण असतो, हे मला माहीत नव्हतं. माझ्या बैठकीत त्याला शून्य होता.

महिनाभराने दाखला आला. पंच्याहत्तर टक्के. मला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाजही वाटली, दोन्ही एकदम. अनुदान सुरू झालं, ते कधी वेळेवर येतं, कधी दोन महिन्यांचं एकत्र. विम्याचं कार्ड आलं. औषधांची बिलं दानम्मा डब्यात जपून ठेवते. गोळी आता पूर्ण जाते, आणि दिवाळीपासून झटका आलेला नाही. डॉक्टर माझ्याशी हसून बोलतात. राजकन्या मॅडमना मी औशाच्या इंजिनिअरचा फोटो पाठवणार होतो, दानम्माने फोन काढून घेतला.

बटणं रोज सकाळी चालू आहेत. दवाखान्यात लागलं तसं घरी रोज लागत नाही, मधूनच एखादं लागतं. पिंपळ आला की पाय आपोआप थांबतात, इतक्या महिन्यांची सवय आहे, पण मी तसाच पुढे जातो. परवा मलप्पाने चहा ठेवता ठेवता माझ्याकडे बघितलं. बाजूला भालकीचे पाहुणे बसलेले होते, मुलाकडचे, बऱ्याच दिवसांनी आलेलं गिऱ्हाईक.

"अप्पा, बटणं चुकलीत की तुमची," मलप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"राहू दे," मी म्हणालो. "आमची धाकटी लावती. शिकायलीय."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी चहा प्यायलो.